माशाच्या कानातला खडा

ढोम्याचं डोकं चोखून खाणाऱ्याला त्यात दोन पांढरे खडे सापडतात, हे कोकणात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. आमच्या आबांच्या लहानपणी मुलं ते खडे धुऊन, वाळवून काड्यापेटीत जमवून ठेवत. इथे आल्यावर त्यांनी ही हकिकत नातवंडांना सांगितली, तर दोघांनीही "आजोबा, काहीतरीच काय!" म्हणून उडवून लावली. मासा म्हणजे दुकानातला काटे काढलेला चौकोनी तुकडा, अशी त्यांची समजूत. डोकं असलेला मासा ओट्यावर दिसला की दोघं स्वयंपाकघरातून पसार होतात.

आबा आमच्याकडे आले ते २०२३ च्या सप्टेंबरात. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच खेप. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या घरात ते आता एकटेच राहतात. त्यामुळे या वेळी त्यांना परत पाठवायचंच नाही, ग्रीन कार्डाचे कागद करून टाकायचे, असं आम्ही दोघांनी ठरवून ठेवलं होतं. आबांना मात्र अजून विचारलं नव्हतं. आपल्यापैकी बऱ्याच घरांत ही बोलणी अशीच होतात, ज्याच्याविषयी असतात त्यालाच वगळून!

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी त्यांना घेऊन आम्ही सॅक्रामेंटोजवळच्या निंबस हॅचरीत गेलो. हॅचरी म्हणजे मत्स्यबीज केंद्र. १९५० च्या दशकात अमेरिकन नदीवर फॉल्सम आणि निंबस ही दोन धरणं झाली, सामन माशांची वरची वाट बंद झाली, आणि त्याची भरपाई म्हणून हे केंद्र उभं राहिलं. नोव्हेंबरात इथली शिडी उघडतात. समुद्रात दोन-चार वर्षं काढून मोठे झालेले चिनूक जातीचे सामन मासे पायरीपायरीने उड्या मारत वर येतात. हातभर लांबीचे, अंगावर जखमा झालेले, शेपटीचं टोक झिजून पांढरं पडलेलं. गोड्या पाण्यात शिरल्यापासून ते काहीही खात नाहीत. अंडी घालायची आणि मरायचं, एवढंच काम उरलेलं असतं.

आबा कठड्याला टेकून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "अरे, हे तर चढणीचे मासे!"

मुलांना ते समजलं नाही, म्हणून आबांनीच सांगितलं. मृगाचा पाऊस लागला की कोकणातल्या नद्या-ओढ्यांना लाल पाणी येतं. त्या पाण्याच्या उलट्या दिशेने मासे वर चढतात, पऱ्ह्यांतून थेट भातखाचरांत शिरतात आणि तिथल्या उथळ, उबदार पाण्यात अंडी घालतात. ते चढणीचे मासे, किंवा वलगणीचे मासे. त्या रात्री कंदील घेऊन, पाग आणि बांबूचे सापळे घेऊन अख्खा गाव ओढ्यावर असायचा. "पण ते जातात कुठवर, येतात कुठून, हे आम्हांला कधी कळलं नाही," आबा म्हणाले. "मासा काय पत्ता लिहून ठेवतो?"

लिहून ठेवतो, हे आम्हांला पुढच्या अर्ध्या तासात समजलं.

आतल्या दालनात एका टेबलावर मत्स्यशास्त्राची एक विद्यार्थिनी सूक्ष्मदर्शक मांडून बसली होती. शेजारी काचेच्या डबीत तूरडाळीच्या मोठ्या दाण्याएवढे दोन पांढरे खडे. आबांनी ते पाहताक्षणी नातवंडांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर आम्ही विसरणार नाही.

खडा कसा लिहितो

माशाला बाहेरून कान दिसत नाहीत, पण डोक्याच्या आत, मेंदूच्या दोन्ही बाजूंना ते असतात, आणि त्यांत खड्यांच्या तीन जोड्या असतात. ऐकणं आणि तोल सांभाळणं ही त्यांची कामं. शास्त्रीय मराठीत यांना कर्णाश्म म्हणतात, इंग्रजीत ओटोलिथ. सामनच्या किंवा ढोम्याच्या डोक्यातली सर्वांत मोठी जोडी आपल्या हाताला लागते. ढोम्याच्या जातभाईंचे खडे तर विशेषच मोठे असतात, म्हणून आबांच्या काड्यापेटीत त्यांचीच भरती.

बोली भाषेत कानातलं हाड म्हटलं, तरी हा खडा खरं तर हाड नव्हे. हाडं शरीरात सतत झिजतात आणि पुन्हा भरली जातात. उपासमार झाली तर शरीर हाडांतलं कॅल्शियम काढूनही घेतं. खड्याचं तसं नाही. तो कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे शिंपल्याच्याच जातीच्या द्रव्याचा. त्यावर रोज एक पातळ थर चढतो, आणि एकदा चढलेला थर सहसा परत निघत नाही. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक थर साचत जातात. वार्षिक वलयं मोजून माशाचं वय सांगण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. रोजचंही वेगळं वलय असतं, हे जॉर्जिओ पानेल्ला या संशोधकाने १९७१ साली दाखवून दिलं. थोडक्यात, जन्मापासून एकही पान न फाडलेली रोजनिशी मासा डोक्यात घेऊन फिरतो.

आता प्रश्न असा, की त्या रोजनिशीत गावाचं नाव कुठे असतं? इथे रसायनशास्त्र मदतीला येतं.

स्ट्रॉन्शियम नावाचा धातू हा कॅल्शियमचा चुलतभाऊच. पाण्यात तो अगदी थोडा विरघळलेला असतो, आणि खड्याचा थर बनताना कॅल्शियमच्या काही जागा तो पटकावतो. या स्ट्रॉन्शियमचे दोन प्रकार इथे महत्त्वाचे, एक ८७ वजनाचा आणि दुसरा ८६ वजनाचा. ८७ वजनाचा काही भाग खडकातल्या रुबिडियम या द्रव्यापासून तयार होतो, पण इतका सावकाश, की निम्मं रुबिडियम संपायला सुमारे ४९ अब्ज वर्षं लागावीत! त्यामुळे जुन्या, रुबिडियम भरपूर असलेल्या ग्रॅनाइटमध्ये ८७ चं प्रमाण जास्त, आणि ज्वालामुखीतून अलीकडे बाहेर पडलेल्या काळ्या खडकात कमी. नदी ज्या खडकावरून वाहते त्याची खूण तिच्या पाण्यात उतरते, आणि पाण्यातून माशाच्या खड्यात.

कॅलिफोर्नियात हा फरक अगदी सोयीचा आहे. लासेन शिखराच्या ज्वालामुखी प्रदेशातून येणाऱ्या ओढ्यांत ८७ आणि ८६ यांचं गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास असतं. सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटवरून येणाऱ्या आमच्या अमेरिकन नदीत ते ०.७१ च्या जवळ जातं. समुद्राचा आकडा जगभर एकच, ०.७०९२. आकडे ऐकायला किरकोळ वाटतात, पण आजच्या यंत्रांना तेवढा फरक सहज कळतो. खडा राळेत बसवतात, घासून पारदर्शक होईपर्यंत पातळ करतात, आणि मध्यापासून कडेपर्यंत केसाच्या जाडीएवढ्या लेसरने एकेक ठिपका जाळत जातात. निघालेली वाफ यंत्रात मोजली जाते. मध्य म्हणजे जन्म, कड म्हणजे मृत्यू, आणि मधला प्रत्येक ठिपका म्हणजे त्या त्या वेळचा मुक्काम.

त्या मुलीने सांगितलेली एक गोष्ट आम्हांला फार भावली. खड्याच्या अगदी गाभ्यात, पहिल्या थरांत, ओढ्याची खूण नसते. तिथे समुद्र असतो! मासा तर ओढ्यातल्या खड्यागोट्यांत जन्मलेला, समुद्र त्याने पाहिलेलाही नाही. पण ज्या बलकावर त्याचं पहिलं पोषण झालं, तो बलक त्याच्या आईच्या पोटात समुद्रात असतानाच भरला गेला होता. आईने जिथे दिवस काढले, तिथलं पाणी लेकराच्या गाभ्यात सापडतं. मुलं इथे जन्मली आणि डोक्यात वरणभात-लिंबाची चव कुठून आली, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी यावरून काय ते समजावं.

उशिरा निघणारे

हे सगळं मनोरंजक खरं, पण याचा उपयोग काय? घरी आल्यावर आम्ही वाचत गेलो, तेव्हा कळलं की या खड्यांनी इथल्या शास्त्रज्ञांचा एक मोठाच गैरसमज दूर केला आहे.

सामन माशांतही आपल्यासारख्या शाखा आणि पोटशाखा आहेत. निंबसला येतात ते शरद ऋतूतले. दुसरी शाखा वसंतातली. हे मासे वसंतात नदीत शिरतात, डोंगरातल्या थंड डोहांत अख्खा उन्हाळा उपाशी काढतात आणि शरदात अंडी घालतात. एके काळी सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात यांची प्रचंड संख्या होती. पण यांना लागणारं थंड पाणी डोंगरात उंचावर, आणि नेमकी त्याच वाटेवर धरणं झाली. १९४५ साली पुरं झालेलं शास्ता धरण हे त्यांतलं सर्वांत मोठं. १९९९ साली वसंतातल्या चिनूकची नोंद सरकारने संकटग्रस्त म्हणून केली. मिल आणि डियर हे लासेनकडून येणारे दोन ओढे त्यांचं उरलेलं मोलाचं माहेर, कारण त्यांच्या वरच्या भागात वाट अडवणारी मोठी धरणं नाहीत.

या ओढ्यांतली पिल्लं सगळी एकदम समुद्राकडे निघत नाहीत. काही अंड्यातून बाहेर पडून जेमतेम पोहायला लागली की लगेच निघतात. काही वसंतापर्यंत थांबतात. आणि थोडी, अगदी थोडी, पूर्ण उन्हाळा ओढ्यातच काढून शरदातला पाऊस पडल्यावर निघतात. निघणाऱ्या पिल्लांची मोजदाद करायला ओढ्यात फिरते सापळे लावतात. त्या मोजदादीत या उशिरा निघणाऱ्यांचं प्रमाण सरासरीने फक्त १० टक्के भरायचं. साहजिकच त्यांच्याकडे कोणाचं फारसं लक्ष नव्हतं. वर्गात एखादं मूल सगळ्यांच्या मागे राहिलं, तर आपण त्याच्याविषयी काय म्हणतो तेच.

मग फ्लोरा कोर्दोलियानी, रेचल जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट्या बाजूने हिशेब मांडला. किती निघाले ते न मोजता, जे परत आले त्यांना विचारायचं ठरवलं. निरनिराळ्या वर्षी ओढ्यांत परतलेल्या मोठ्या माशांचे खडे काढून, लेसरने वाचून, प्रत्येक मासा लहानपणी ओढा सोडून केव्हा गेला ते शोधलं. २०२१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. निघताना १० टक्के असलेले उशिरा निघणारे, परतलेल्यांत मात्र सुमारे ६० टक्के होते. आणि सर्वांत कोरड्या दोन वर्षांच्या बाबतीत तर ९६ टक्क्यांहून अधिक! म्हणजे त्या वर्षी लवकर निघालेल्यांपैकी जवळजवळ कोणीच परतलं नाही. मागे राहिलेल्यांनी वंश राखला.

कारण शोधायला लांब जायला नको. दुष्काळी वर्षी वसंतातच मोठी नदी आटते, पाणी तापतं आणि नितळ होतं. दोन बोटांएवढी पिल्लं त्या पाण्यात मोठ्या माशांच्या तोंडी सहज लागतात. ओढ्यात थांबलेलं पिल्लू तोवर डोंगरातल्या गारव्यात वाढत असतं. शरदात पाऊस पडून गढूळ, थंड पाणी सुटलं की ते निघतं, आणि तोवर अंगापिंडाने चांगलं भरलेलं असतं.

पण याचा अर्थ उशिरा निघणं हाच शहाणपणा, असा नव्हे. भरपूर पावसाच्या वर्षी लवकर निघणाऱ्यांचंही चांगलं चालतं. पुढचं वर्ष कसं असेल ते माशाला काय, कोणालाच आधी कळत नाही. सगळी पिल्लं एकाच दिवशी, एकाच वाटेने गेली, तर एक वाईट वर्ष सगळ्यांना घेऊन जाईल. वेगवेगळ्या वेळी निघण्यातच या कुळाचा विमा आहे. आणि सरासरीकडे पाहून "हे दहा टक्के काय कामाचे?" म्हणणाऱ्याला तो विमा दिसतच नाही.

थंड पाणी कुठे उरलं

गोष्ट इथे आनंदाने संपली असती तर बरं झालं असतं. पण उशिरा निघणाऱ्यांना उन्हाळाभर थंड पाणी हवं, आणि उन्हाळे तर तापत चालले आहेत. असे गार डोह येत्या काही दशकांत कमी होतील, आणि खोऱ्यातली जी थंड जागा टिकेल तिच्यातली बरीचशी धरणांच्या पलीकडे आहे, असा त्याच संशोधकांचा इशारा आहे. २०२४ च्या जुलैत चिकोजवळ लागलेला पार्क वणवा चार लाख एकरांहून अधिक रान जाळत गेला. त्यात मिल आणि डियर या दोन्ही ओढ्यांचं पाणलोट क्षेत्र सापडलं. त्याआधीच परतणाऱ्यांची संख्या इतकी घसरली होती, की २०२३ साली या ओढ्यांतली काही पिल्लं उचलून डेव्हिसच्या विद्यापीठात सुरक्षित टाक्यांत वाढवायला सुरुवात झाली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची व्यापारी सामनमारी २००८ आणि २००९ मध्ये बंद ठेवावी लागली होती. पुढे २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं ती बंद राहिली.

हॅचऱ्या आहेत ना, मग काळजी कसली, असं आम्हांलाही वाटलं होतं. त्याचंही उत्तर खड्यातच मिळालं. टाकीत वाढलेल्या पिल्लाला रोज नेमाने खाणं मिळतं, त्यामुळे त्याची वलयं ओढ्यातल्या पिल्लाहून वेगळी दिसतात. मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पकडलेल्या चिनूकचे खडे असे तपासले, तेव्हा ओढ्यात जन्मलेले फक्त दहातला एक निघाले. २००७ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हॅचरीने मासेमारी चालू ठेवली, हे तिचं श्रेय आहेच. पण हॅचरीतली पिल्लं बहुधा ठरलेल्या दिवसांत, मोठ्या संख्येने एकदम सोडतात. कोणी लवकर, कोणी उशिरा, ही सवय ओढ्यात शिकायची असते. टाकीत ती कशी येणार?

प्रयत्न मात्र चालू आहेत. शास्ता धरणामागच्या मॅक्लाउड नदीकाठचे मूळ रहिवासी विनेमेम विंटू. त्यांची श्रद्धा अशी, की सामन मासे त्यांचे नातेवाईक आहेत. त्यांच्या भागातल्या चिनूकची अंडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडला नेली होती आणि ती तिथल्या नद्यांत रुजली. २०१० साली हे लोक न्यूझीलंडला जाऊन त्या माशांपुढे नाचले, आपल्याकडून रक्षण झालं नाही म्हणून क्षमा मागितली. २०२२ च्या उन्हाळ्यात त्यांच्याच सहभागाने, सरकारी खात्यांनी हिवाळी चिनूकची अंडी मॅक्लाउडच्या थंड पाण्यात पुन्हा ठेवली. धरण झाल्यानंतर इतक्या वर्षांनी त्या पाण्यात सामनची पिल्लं पोहली.

आबांचा हिशेब

हे सारं आम्ही रात्री जेवताना आबांना वाचून दाखवत होतो. मुलंही ऐकत होती. धाकटीने आजोबांना विचारलं, "तुम्ही केव्हा निघालात?"

आबा हसले. म्हणाले, "माझा थोरला भाऊ चौदाव्या वर्षी मुंबईला गिरणीत गेला. तो लवकर निघालेला. तुझा बाबा इंजिनियर होऊन निघाला. तो वसंतातला. मी आपला ओढ्यातच राहिलो."

मग आमच्याकडे वळून त्यांनी अगदी सहज सांगितलं, "कागद करू नका माझे. मार्चात मी जातो."

आम्ही गप्पच. त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे! भिंतींना कान असतात, आणि त्यांतही खडे असावेत. आम्ही बरंच समजावलं, एकटेपण, तब्येत, रात्री-अपरात्रीची सोय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही निघालात ते काही चुकलात असं नाही," ते म्हणाले. "पण सगळ्यांनी निघून चालत नाही रे. विहीर आहे, खाचर आहे, कुळाचाराचे चार दिवस आहेत. कोणी नसेल तर पोरांना परत यायला ओढा कुठला?"

मार्चात ते गेले. शेजारच्या मुलाला रोज रात्री येऊन झोपायला सांगितलं आहे, फोन रोज होतो. आमची काळजी काही संपलेली नाही, ती संपणारही नाही. पण तो निर्णय त्यांचा होता, आणि आम्ही तो त्यांना न विचारता घेऊन बसलो होतो, एवढं आम्हांला कळलं.

जूनमध्ये एका सकाळी त्यांचा फोन आला, तेव्हा मागे पावसाचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. मृग लागला होता. पोटात अंडी भरलेले मासे चढणीला धरू नयेत, असं आता कोकणातही अनेक निसर्गप्रेमी दरवर्षी सांगतात. आबांनी आयुष्यभर ते धरले, आवडीने खाल्ले, आम्हांलाही खाऊ घातले. त्यांनी सांगितलं, "रात्री ओढ्यावर गेलो होतो. पाग घरीच ठेवला. नुसतं पाहून आलो. पोरांना म्हटलं, चार दिवस जाऊ द्यात त्यांना वर, मग खाली येणारे धरा. दोघांनी ऐकलं, बाकीचे हसले."

"मग?" आमच्या धाकटीने विचारलं.

"मग काय, दोघांनी ऐकलं ना," आबा म्हणाले.

निंबसची शिडी दरवर्षी नोव्हेंबराच्या सुमारास उघडते. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. सॅक्रामेंटोकडे येणं झालं आणि घरी आजी-आजोबा आलेले असले, तर त्यांना जरूर घेऊन जा. आणि घरी डोक्यासकट मासा आणलात, तर ते डोकं टाकण्याआधी मुलांना हाक मारा.